निर्मात्याची खुर्ची : विल्यम ग्रीव्ज यांची वाटचाल

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते जुळले ते मुख्यतः पुस्तकांमधून. रिचर्ड राइट, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन ही नावे आपल्या नियतकालिकांच्या वाचकांना परकी नाहीत. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून परतले आणि त्यांनी तेथील निग्रो साहित्याकडे (तेव्हाचा रूढ शब्द हाच होता) आपल्या लेखकांचे लक्ष वेधले. डॉ. जनार्दन वाघमारे यांनी पुढे त्या साहित्यावर सविस्तर लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावासकट त्या लढ्याशी नाते सांगत. पण या साऱ्या परिचयात एक माणूस दाराबाहेरच राहिला. कवी आत आला, कादंबरीकार आला, पुढारी आला. कॅमेरा चालवणारा, संकलनाच्या टेबलावर रात्री काढणारा आणि कोणती बातमी दाखवायची हे ठरवण्याच्या हक्कासाठी भांडणारा माणूस मात्र आला नाही. त्याचे कारण उघड आहे. कविता टपालाने येते, अनुवादित होते, चक्रमुद्रित होऊन वाटली जाते. माहितीपटाला पडदा लागतो, यंत्र लागते, पैसा लागतो. ज्यांच्याकडे या तीनही गोष्टी नव्हत्या त्यांच्यापर्यंत तो पोचणार कसा?

विल्यम ग्रीव्ज (१९२६–२०१४) हे त्या दाराबाहेर राहिलेल्यांपैकी एक. नट, संकलक, दिग्दर्शक, वृत्तकार्यक्रमाचे निर्माते असा त्यांचा प्रवास आहे. त्यांचे चरित्र गुणगौरवासाठी सांगावे असा माझा हेतू नाही. पत्रकारितेच्या आणि माध्यमांच्या अभ्यासक्रमांना आज आपली मुले मोठ्या संख्येने जात आहेत. तेथे त्यांना कॅमेरा कसा धरावा हे शिकवले जाते; तो कोणाच्या हुकमावरून कोठे वळतो हे शिकवले जात नाही. ग्रीव्ज यांच्या आयुष्यात हा प्रश्न वारंवार समोर येतो, आणि १९६८ सालच्या ऑगस्ट महिन्यात तर तो उघड झगड्याचे रूप घेतो.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, वेस्ट इंडीज बेटांतून आलेल्या कुटुंबात ८ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील टॅक्सी चालवत आणि चर्चमध्ये प्रवचनही करत. मुलगा हुशार निघाला, नावाजलेल्या स्टायव्हेसंट हायस्कुलात गेला, अभियांत्रिकी शिकू लागला. घराण्यातील पहिला शिकलेला मुलगा अभियंता व्हावा ही आईबापांची इच्छा समजायला आपल्याला भाष्याची गरज नाही. पण मुलाचे पाय नाचाकडे वळले, मग रंगभूमीकडे. तो अमेरिकन निग्रो थिएटरमध्ये काम करू लागला, पुढे अभिनयाच्या सुप्रसिद्ध अॅक्टर्स स्टुडिओत दाखल झाला.

१९४९ साली 'लॉस्ट बाउंडरीज' नावाचा चित्रपट आला. गोऱ्या कातडीचा एक कृष्णवर्णीय डॉक्टर आपला वंश लपवून एका गावात गोरा म्हणून राहतो, अशी ती कथा. बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा ज्याने वाचली आहे त्याला या कथेतील घुसमट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पण गंमत पुढेच आहे. वंश लपवणाऱ्या या कृष्णवर्णीय डॉक्टरची आणि त्याच्या पत्नीची भूमिका गोऱ्या नटांना देण्यात आली! ग्रीव्ज यांच्या वाट्याला दुय्यम भूमिका आली, तीही त्या काळाच्या मानाने प्रतिष्ठेची होती. कारण एरवी काळ्या नटाला मिळे ते हमालाचे, नोकराचे, दात काढून हसणाऱ्या गड्याचे काम. रंगभूमीवर तसे एक काम हाती आले तेव्हा ते सोडून ग्रीव्ज बाहेर पडले. आपल्या समाजाचे चित्र जो रंगवतो त्याच्या हातातला कुंचला घेतल्याशिवाय आपला चेहरा बदलणार नाही, हे त्यांना विशी-पंचविशीतच कळून चुकले.

परंतु कुंचला मिळणार कोठे? न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात त्यांनी चित्रपटकलेचे वर्ग केले. तेथून पुढे दार बंद होते. चित्रपटधंद्यातील कामगार संघटना काळ्यांना जवळजवळ बंदच होत्या, आणि संघटनेचे कार्ड नसेल तर कॅमेऱ्याला हात लावता येत नसे. हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. कामगारांची संघटना म्हणजे शोषितांचे हत्यार असे आपण पुस्तकात वाचतो. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगारांना बंद होती आणि त्याविरुद्ध संपवाल्या पुढाऱ्यांना तोंड उघडायला बाबासाहेबांना भाग पाडावे लागले होते, हा आपला अनुभव. हत्यार कोणाच्या हातात आहे हे तेथेही पाहावे लागले, येथेही.

१९५२ साली ग्रीव्ज देश सोडून कॅनडाला गेले. तेथे जॉन ग्रिअर्सन यांच्या प्रयत्नांतून १९३९ साली सरकारी नॅशनल फिल्म बोर्ड स्थापन झाले होते. माहितीपट हे लोकशिक्षणाचे साधन आहे, ही ग्रिअर्सन यांची भूमिका ग्रीव्ज यांच्या मनाने आधीच घेतली होती. बोर्डात त्यांनी अगदी खालच्या पायरीपासून काम केले. दुसऱ्यांच्या फिती जोडल्या, ध्वनी जोडला, संकलन केले. आठ वर्षांत ऐंशीच्या आसपास चित्रपटांना त्यांचा हात लागला. १९५९ साली माँट्रियलमधील एका इस्पितळाच्या तातडीच्या विभागावरचा 'इमर्जन्सी वॉर्ड' त्यांनी दिग्दर्शित केला. आपल्याच देशात जे शिकता आले नाही ते शेजारच्या देशाने शिकवले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या तरुणाला तेथे जो मोकळा श्वास घेता आला, त्याच न्यूयॉर्कमधून चाळीस वर्षांनी हार्लेमचा एक तरुण मोकळ्या श्वासासाठी बाहेर पडला. देश कोणासाठी कोणता, हे असे उलटसुलट असते.

साठीच्या दशकात ग्रीव्ज आधी संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामासाठी आणि मग अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यासाठी चित्रपट करू लागले. हे खाते परदेशांत अमेरिकेची प्रतिमा उजळ करण्याचे काम करी. स्पष्ट सांगायचे तर प्रचारखाते. वंशभेदाच्या बातम्यांनी जगभर छी-थू होत असताना त्या खात्याला एक कर्तबगार काळा दिग्दर्शक हवाच होता. ग्रीव्ज यांनी हे काम स्वीकारले याबद्दल त्यांना दोष देणारे असतील. मी देत नाही. सरकारी नोकरीच्या आधाराने ज्या पिढीने आपले बस्तान बसवले त्या पिढीचा मी मुलगा आहे, आणि चाकरी करूनही माणूस आपले काय वाचवतो हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. १९६६ साली सेनेगलच्या डकार शहरात कृष्णवर्णीयांच्या कलांचा पहिला जागतिक महोत्सव भरला. ग्रीव्ज यांना पाठवले होते थोडेसे वृत्तचित्रण करायला. त्यांनी लँग्स्टन ह्यूज, ड्यूक एलिंग्टन, आफ्रिकेतील नर्तक आणि शिल्पे यांना एकत्र गुंफून सलग चाळीस मिनिटांचा चित्रपट उभा केला. आफ्रिकेत तो वर्षानुवर्षे आवडीने पाहिला गेला. अमेरिकेत मात्र तो दाखवता येईना, कारण १९४८ सालच्या कायद्यानुसार या खात्याचे चित्रपट देशात दाखवण्यास बंदी होती. कायदा वंशावर आधारलेला नव्हता, तो सर्वच प्रचारपटांना लागू होता. परिणाम मात्र असा झाला की अमेरिकन काळ्या कलावंतांचे वैभव सेनेगलमधील शाळकरी पोराने पाहिले आणि हार्लेममधील पोराने पाहिले नाही.

आता १९६८.

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात डेट्रॉइट, न्यूआर्कसह अनेक शहरे पेटली होती. अध्यक्ष जॉन्सन यांनी नेमलेल्या कर्नर आयोगाचा अहवाल १९६८च्या फेब्रुवारीअखेर प्रसिद्ध झाला. त्याचे एक पूर्ण प्रकरण वृत्तमाध्यमांवर आहे. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी गोऱ्यांच्या नजरेने गोऱ्यांसाठी बातमी देतात. वस्तीतील रोजचे जगणे, अपमान, गाऱ्हाणी त्यांना दिसत नाहीत, दिसतो तो फक्त जाळपोळीचा दिवस, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडेही दिले होते: संपादकीय कामावरील माणसांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांहून कमी, आणि संपादक व पर्यवेक्षक या पदांवर एक टक्क्याहून कमी. त्यांतलेही बहुतेक काळ्यांच्याच मालकीच्या वृत्तसंस्थांत होते. पुढे ४ एप्रिलला मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. पुन्हा शंभराहून अधिक शहरांत आग लागली. आग लागली की पाण्याची आठवण होते. एन. ई. टी. या सार्वजनिक दूरचित्रवाणीने घाईघाईने जूनमध्ये 'ब्लॅक जर्नल' हा महिन्यातून एकदा दाखवायचा तासाभराचा कार्यक्रम सुरू केला. कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवर देशभर दाखवला जाणारा हा पहिला वृत्तकार्यक्रम. जाहिरातीत सांगितले गेले की हा कार्यक्रम कृष्णवर्णीयांविषयी, कृष्णवर्णीयांसाठी आणि कृष्णवर्णीयांकडून आहे.

विषयी, साठी, कडून. मराठीत ही साधी शब्दयोगी अव्यये आहेत, पण सारा इतिहास त्यांच्या क्रमात दडलेला असतो. 'विषयी' तर मनुस्मृतीतही भरपूर आहे. 'साठी' म्हणून सुधारकांनी केलेली कामे आपल्याला ठाऊक आहेत, त्यांचे ऋणही आपण मानतो. 'कडून' या तिसऱ्या अव्ययापाशी आले की मात्र गाडी अडते.

येथेही अडली. कार्यक्रमावर कृष्णवर्णीय वार्ताहर होते, सूत्रसंचालक होते, तंत्रज्ञ होते. ग्रीव्ज स्वतः पडद्यावर दिसणाऱ्या दोन सूत्रसंचालकांपैकी एक होते. परंतु कार्यकारी निर्माता गोरा होता. माणूस वाईट नव्हता. कार्यक्रम उभा करण्यात त्याचे श्रम होते आणि त्याची सहानुभूती खरी होती. पण कोणता वृत्तांत घ्यायचा, कोणता गाळायचा, कोणत्या वाक्याला कात्री लावायची याचा शेवटचा शब्द त्याचा होता. ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी काम थांबवले. त्यांनी पगारवाढ मागितली नाही. जाहिरातीत 'कडून' म्हटले आहे ते खरे करा, एवढीच त्यांची मागणी होती. व्यवस्थापनाला नमावे लागले आणि ग्रीव्ज कार्यकारी निर्माते झाले.

या संपाचे महत्त्व मला फार वाटते, कारण तो दुष्टाविरुद्ध नव्हता. दुष्टाविरुद्ध लढणे त्या मानाने सोपे. येथे सहृदय माणसाला सांगायचे होते की, तुझ्या सहृदयतेबद्दल आभार, आता खुर्चीवरून ऊठ. हे वाक्य उच्चारताना जीभ जड होते, समोरचा दुखावतो, आपल्यातलेच काही लोक कृतघ्नपणाचा आरोप करतात. आपल्या चळवळीच्या इतिहासातही हे वाक्य अनेकदा उच्चारावे लागले आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा पहिल्याच लेखात बाबासाहेबांनी दाखवून दिले की मुंबई इलाख्यात निघणारी वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहणारी आहेत. त्या 'मूकनायका'ची जाहिरात, पैसे देऊ करूनही, 'केसरी'ने छापली नव्हती. पुढे 'बहिष्कृत भारत' काढताना मनुष्यबळ नसल्याने अंकाचे चोवीस चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत. स्वतःचे पत्र म्हणजे काय याची ती किंमत.

ग्रीव्ज यांच्या हाती सूत्रे आल्यावर कार्यक्रमाचा चेहरा पालटला. सूत्रसंचालक आफ्रिकी झबले घालून समोर येऊ लागले. तेवढ्याने काही होत नाही, पण ज्यांनी आयुष्यभर पडद्यावर हमालाचा गणवेश पाहिला त्यांना त्याचा अर्थ कळला. काळी महाविद्यालये, पोलिसांचे वर्तन, ब्लॅक पँथर पक्ष, आफ्रिकेतील मुक्तिलढे, काळ्या समाजातील आपापसातले मतभेद असे विषय आले. १९७० साली कार्यक्रमाला एमी पुरस्कार मिळाला. तथापि पुरस्कारापेक्षा मोठे काम पडद्यामागे झाले. सेंट क्लेअर बोर्न, मॅडेलिन अँडरसन अशी माणसे या कार्यक्रमावर घडली किंवा स्थिरावली. अँडरसन यांनी १९७० साली चार्ल्स्टन येथील रुग्णालयातील काळ्या कामगार स्त्रियांच्या संपावर 'आय अॅम समबडी' हा माहितीपट केला. इस्पितळात झाडलोट, धुलाई, शुश्रूषा करणाऱ्या बायकांचा तो संप आपल्या स्त्री-कार्यकर्त्यांनी अवश्य पाहावा. कार्यक्रमाला जोडून एक प्रशिक्षणवर्गही सुरू झाला, ज्यांना संघटनेचे कार्ड मिळत नव्हते त्यांना कॅमेरा, ध्वनी, संकलन शिकवणारा. ज्या दारावरून ग्रीव्ज यांना १९५२ साली परतावे लागले होते त्याच्या शेजारीच त्यांनी दुसरे दार पाडले.

त्याच उन्हाळ्यात, म्हणजे १९६८ सालीच, त्यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक विलक्षण चित्रपट चित्रित केला. त्याचे नाव 'सिंबायोसायकोटॅक्सिप्लाझम : टेक वन'. नाव वाचून दडपून जाण्याचे कारण नाही. ग्रीव्ज पडद्यावर गोंधळलेल्या दिग्दर्शकाचे सोंग घेतात. त्यांचे सहकारी वैतागतात, त्यांच्या माघारी एकत्र जमून दिग्दर्शकाच्या लायकीवर चर्चा करतात आणि ती चर्चाही चित्रित करून ठेवतात. ग्रीव्ज ती चित्रपटात घेतात. सत्तेच्या खुर्चीत बसलेल्याला हाताखालच्यांनी प्रश्न विचारावेत अशी त्यांचीच इच्छा होती. काळा दिग्दर्शक म्हणजे काळ्यांच्या दुःखाचाच चित्रपट करणार, असे गृहीत धरणाऱ्या वितरकांना हे प्रकरण झेपले नाही. चित्रपटगृहांत तो लागला २००५ साली. दलित लेखकाने आत्मकथनच लिहावे, या अपेक्षेचे हे सख्खे भावंड आहे.

'ब्लॅक जर्नल' ग्रीव्ज यांनी १९७० साली सोडले. टोनी ब्राउन हे नवे कार्यकारी निर्माते झाले. दंगलींची आठवण विरली तसा सार्वजनिक पैशाचा ओघही आटू लागला. १९७७ साली नाव बदलून तो कार्यक्रम पेप्सी कंपनीच्या प्रायोजकत्वाखाली व्यापारी वाहिन्यांवर गेला. खुर्ची मिळवता येते, पण खुर्चीखालची जमीन कोणाची आहे हा प्रश्न उरतोच. ग्रीव्ज यांनी १९६४ सालीच स्वतःची निर्मितिसंस्था काढून ठेवली होती, आणि पुढची चार दशके ते पत्नी लुईस यांच्या साथीने त्याच छोट्या संस्थेतून काम करत राहिले.

त्या कामातला एक माहितीपट येथे विस्ताराने सांगितला पाहिजे. १९८९ साली त्यांनी आयडा बी. वेल्स या पत्रकार स्त्रीवर माहितीपट केला. त्यात वेल्स यांच्या आठवणी टोनी मॉरिसन यांनी वाचल्या आहेत. वेल्स यांचा जन्म १८६२चा, गुलामीतला. मेम्फिस येथे त्या शिक्षिका होत्या. काळ्या मुलांच्या शाळांची दैना आपल्या पत्रात छापली म्हणून १८९१ साली त्यांची नोकरी गेली. (शिक्षक-वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) १८९२च्या मार्चमध्ये मेम्फिसमध्ये तीन काळ्या तरुणांना तुरुंगातून ओढून काढून जमावाने गोळ्या घातल्या. अशा प्रत्येक हत्येमागे गोऱ्या स्त्रीवर बलात्कार केल्याचे कारण सांगितले जाई आणि सभ्य लोक मान डोलावत. वेल्स यांना या तिघांची माहिती होती. त्यांचे किराणा दुकान होते, ते चांगले चालत होते आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटत होते. गुन्हा एवढाच. मग त्यांनी एकेक हत्या तपासायला घेतली, नावे, तारखा, कारणे गोळा केली आणि बलात्काराची सबब बहुतेक ठिकाणी खोटी असल्याचे छापले. मे महिन्यात त्या परगावी असताना त्यांच्या पत्राच्या कचेरीची मोडतोड झाली. त्यांना पुन्हा मेम्फिसला राहायला जाता आले नाही. २०२० साली पुलित्झर समितीने त्यांना मरणोत्तर विशेष सन्मान दिला, मृत्यूनंतर एकोणनव्वद वर्षांनी.

मी हा भाग वर्गात सांगतो तेव्हा खैरलांजीचे नाव मला घ्यावे लागत नाही, विद्यार्थीच घेतात. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात एका बौद्ध कुटुंबातील चौघांना ठार मारण्यात आले. आरंभी जे छापून आले त्यात अनैतिक संबंधांची कुजबुज होती; जमिनीचा वाद, पोलिसांपुढे दिलेली साक्ष, शिकणारी मुले या गोष्टी मागाहून आल्या, त्याही आपल्या कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती गोळा केल्यावर. त्याच २००६ साली दिल्लीतील ३७ वृत्तसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. त्यांत एकही दलित वा आदिवासी आढळला नव्हता. कर्नर आयोगाला निदान एक टक्क्याच्या आतला काही तरी आकडा लिहिता आला होता.

माझा एक माजी विद्यार्थी तालुक्याच्या गावातून एका दैनिकाला बातम्या पाठवतो. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत मुलींच्या लेझीम पथकाने पहिल्यांदाच अग्रभागी चालण्याचा मान मिळवला, त्याची बातमी त्याने दिली. दुसऱ्या दिवशी त्याच्याच नावाने छापून आले ते वाहतुकीच्या कोंडीबद्दल. पथकाचा उल्लेख कापला गेला होता. 'सर, लिहिले मी, पण ठरवले त्यांनी,' असे तो म्हणाला. न्यूयॉर्कच्या त्या संपवाल्यांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

ग्रीव्ज यांच्या आणखी एका चित्रपटाबद्दल लिहून थांबतो. १९७२च्या मार्चमध्ये इंडियाना राज्यातील गॅरी या पोलादी कारखान्यांच्या शहरात कृष्णवर्णीयांची राष्ट्रीय राजकीय परिषद भरली. हजारोंनी माणसे आली होती. निवडून आलेले प्रतिनिधी, राष्ट्रवादी, साम्यवादी, मौलवी, पाद्री सारे एका छपराखाली भांडत होते. एकाच निळ्या झेंड्याखालचे गट मोजून थकलेल्या आपल्या वाचकाला ती दृश्ये फार ओळखीची वाटतील. ग्रीव्ज यांनी 'नेशनटाइम' नावाचा ऐंशी मिनिटांचा चित्रपट केला. दूरचित्रवाणीच्या लोकांना तो फार भडक वाटला. त्यांनी तो छाटून तासाच्या आत आणला, तरीही तो घेतला गेला नाही. मूळ चित्रपट हरवल्यात जमा झाला. ग्रीव्ज २५ ऑगस्ट २०१४ रोजी वारले. चार वर्षांनी पिट्सबर्गमधील एका गोदामात मूळ फिती सापडल्या. त्या स्वच्छ करून, दुरुस्त करून २०२० साली पूर्ण चित्रपट लोकांपुढे आला. त्या उन्हाळ्यात मिनियापोलिसच्या रस्त्यावर जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने गुडघा ठेवला होता, आणि ती बातमी जगाने पाहिली ती सतरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने आपल्या फोनवर केलेल्या चित्रणातून.